कर्जतचे मागचे इंजिन

मुंबईहून पुण्याला आगगाडीने येताना कर्जत स्टेशनावर गाडी थोडी रेंगाळते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उतारू तेवढ्यात बटाटेवडा घेतात. वडा खाऊन होतो न होतो तोच मागून एक धक्का बसतो आणि डबा हलतो. हा धक्का म्हणजे गाडीच्या शेपटीला जोडलेल्या जादा इंजिनांची सलामी. दोन किंवा तीन इंजिने मागे लागतात आणि गाडी घाट चढू लागते. लोणावळ्याला ही इंजिने सोडून दिली जातात. रेल्वेतली माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या मुलामुलींना वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र दाखवून मी परत पुण्याला येत होतो. कर्जत सुटले, गाडीने आपला संथ वेग पकडला, आणि खिडकीशी बसलेल्या एका मुलीने विचारले, “सर, पुढून एक इंजिन ओढतंय, मागून दोन ढकलतायत. गाडी मात्र त्याच वेगाने चाललीय. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे खरं असेल तर एवढ्या बलाने वेग वाढायला नको का?”

मी म्हणालो, “अगं, घर्षण असतं ना!” तिने मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. घरी आल्यावर मला चैन पडेना म्हणून एका पाठकोऱ्या कागदावर गणित मांडले, आणि लक्षात आले की माझे उत्तर बव्हंशी चुकीचे होते. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर ते एका वहीत राहते. शिक्षकाचे चुकले की वर्गातल्या सगळ्या वह्यांत जाते. पुढच्या तासाला मी ते दुरुस्त केले. तीच दुरुस्ती आज जरा विस्ताराने तुमच्यापुढे ठेवतो.

आधी त्या मुलीच्या प्रश्नामागचा समज पाहू. चालत्या वस्तूवर पुढच्या दिशेने काहीतरी शिल्लक बल असलेच पाहिजे, असे आपल्या सर्वांना मनातून वाटत असते. बैल थांबले की गाडी थांबते, पायडल मारणे सोडले की सायकल थांबते. अनुभवच असा आहे, तेव्हा हा समज बाळगणाऱ्याला हसू नये. ॲरिस्टॉटलसारख्या थोर विचारवंताचेही मत असेच होते. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून पाहिले आणि प्रश्नच फिरवला. वस्तू चालत का राहते, हे विचारू नका. ती थांबते का, ते विचारा. न्यूटनने 1687 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात हाच विचार पहिल्या नियमाच्या रूपाने मांडला. वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागते ते वेग बदलायला.

आमच्या मराठीनेही या गोंधळात थोडी भर घातली आहे असे मला वाटते. जुन्या पुस्तकांत आणि मराठी विश्वकोशात बलाला ‘प्रेरणा’ हा शब्द आहे. शब्द सुंदर आहे, पण प्रेरणा माणसाच्या आत असते. त्यामुळे चेंडूला बॅटने टोलवला की त्याच्या आत प्रेरणा शिरते आणि हळूहळू संपते, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. बल कोणत्याही वस्तूच्या आत साठत नाही. ते नेहमी एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर लावलेले असते. म्हणून मी वर्गात एक सक्ती करतो. आकृतीत बलाचा बाण काढला की त्याच्याशेजारी ‘कोणी’ आणि ‘कोणावर’ हे दोन शब्द लिहायचे. ‘कोणी’ या प्रश्नाला उत्तर सापडले नाही तर बाण खोडायचा. ‘गतीचे बल’, ‘वेगाचा जोर’ असले बाण या चाळणीतून आपोआप गळून पडतात.

आता घाटात जाऊ.

घाटातला हिशेब

मुंबई-पुणे लोहमार्गावरचा बोरघाट 1863 साली वाहतुकीस खुला झाला. त्या काळी खंडाळ्याच्या बाजूला चढ इतका अडचणीचा होता की गाडी एका टोकाशी नेऊन थांबवीत आणि इंजिन दुसऱ्या बाजूला लावून उलट्या दिशेने पुढे काढीत. 1929 मध्ये मार्ग बदलून ही उलटापालट संपवली. मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी धावू लागली. घाटाचा चढ मात्र गेला नाही. सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे रुळावरून 37 मीटर पुढे गेले की गाडी 1 मीटर वर जाते. डोंगर चढणाऱ्या माणसाला हा चढ जाणवणारही नाही. पर्वतीच्या पायऱ्या आठवा! पण लोखंडी चाकाच्या गाडीला हा फार मोठा चढ आहे. का, ते आकड्यांवरून कळेल.

फक्त डब्यांचा विचार करू. इंजिने बाजूला ठेवू. कोणत्या वस्तूविषयी आपण बोलतो आहोत हे प्रथम ठरवणे, यातच अर्धे उदाहरण सुटते. समजा, डबे 20 आहेत आणि प्रत्येकाचे वस्तुमान 50 टन आहे. एकूण 1000 टन, म्हणजे 10,00,000 किलोग्रॅम. पृथ्वी या डब्यांना सरळ खाली ओढते. त्या ओढीचा रुळाच्या दिशेने मागे खेचणारा भाग किती? चढ 37 ला 1 असल्यामुळे वजनाचा 37 वा हिस्सा. दर टनाला 1000 × 9.8 ÷ 37, म्हणजे सुमारे 265 न्यूटन.

आता चाकांचे लोटण, आसांचे घर्षण, हवेचा अडथळा हे सगळे मिळून दर टनाला समजा 40 न्यूटन धरू. पोलादी चाक पोलादी रुळावर इतके सहज लोटते की संथ वेगाला हा आकडा याहून फार मोठा नसतो. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा: 265 आणि 40. गाडीला मागे ओढणाऱ्या बलांत घर्षणाचा वाटा सातव्या-आठव्या हिश्शाइतका, आणि बाकी सगळी पृथ्वी! मी मात्र त्या मुलीला सगळे घर्षणाच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो.

एकूण मागे ओढणारे बल दर टनाला 305 न्यूटन, म्हणजे 1000 टनांना 3,05,000 न्यूटन. गाडी कायम वेगाने चढत असेल तर पुढच्या इंजिनाची ओढ आणि मागच्या इंजिनांचा रेटा यांची बेरीज बरोबर 3,05,000 न्यूटन असली पाहिजे. एक न्यूटन जास्त नाही, एक न्यूटन कमी नाही. निष्पन्न बल शून्य, म्हणून त्वरण शून्य, म्हणून वेग तोच. दुसरा नियम मोडलेला नाही. उलट तो अक्षरशः पाळला गेला आहे. इंजिने घाम गाळीत असली तरी निष्पन्न बल शून्य असू शकते, एवढेच आपल्या मनाला पटत नव्हते. त्या नियमातले बल म्हणजे कोणा एकाचे बल नव्हे, सर्व बलांची दिशेसह केलेली बेरीज.

चालकाला वेग वाढवायचा असेल तर? समजा, इंजिनांनी मिळून 3,25,000 न्यूटन बल लावले. शिल्लक राहिले 20,000. त्याला 10,00,000 किलोग्रॅमने भागले की त्वरण येते सेकंदास सेकंदास 0.02 मीटर. एका मिनिटात वेग वाढेल सेकंदाला 1.2 मीटर, म्हणजे ताशी जेमतेम सव्वाचार किलोमीटर. घाटात थांबलेली गाडी पुन्हा वेग घ्यायला एवढा वेळ का लावते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

गाडीला पुढे कोण ढकलते?

इथे एक वाकडा प्रश्न विचारतो. इंजिन डब्यांना ओढते हे ठीक. पण इंजिनाला पुढे कोण ढकलते? ‘मोटर’ असे उत्तर मला दरवर्षी मिळते. ‘कोणी, कोणावर’ची चाळणी लावा. मोटर इंजिनातच बसलेली आहे. स्वतःच्या बुटाच्या नाड्या ओढून कोणी स्वतःला उचलू शकत नाही. मोटर चाक फिरवते; चाक रुळाला मागे रेटते; आणि रूळ चाकाला पुढे रेटतो. हा रुळाने दिलेला रेटा कोणत्या जातीचा? घर्षणाचा! ज्या घर्षणाला मी खलनायक ठरवले होते तेच, चाक आणि रूळ यांच्यामधले घर्षण, सबंध गाडीला घाटावर चढवते. रुळावर तेल ओतले तर कितीही ताकदीची मोटर जागच्या जागी चाके फिरवीत बसेल. पावसाळ्यात रूळ निसरडे होतात, म्हणून चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय इंजिनात केलेली असते.

या पकडीला मर्यादा आहे, आणि बँकरचे खरे कारण त्या मर्यादेत दडले आहे. समजा, इंजिनाचे वस्तुमान 120 टन आहे आणि चाक-रूळ यांमधला घर्षणाचा गुणांक 0.25 आहे. इंजिनाचे वजन 11,76,000 न्यूटन. त्याचा चौथा हिस्सा 2,94,000 न्यूटन. मोटर कितीही मोठी बसवा, चाक घसरू न देता रुळाकडून याहून जास्त रेटा मिळणार नाही. त्यातही इंजिनाला स्वतःचे 120 टन चढवायचे आहेत. त्यात गेले सुमारे 36,600. डब्यांसाठी उरले साधारण 2,57,000 न्यूटन. आपल्याला हवे आहेत 3,05,000. एका इंजिनाला ही गाडी चढवता येणार नाही, हे कागदावरच सिद्ध झाले.

बरे, जादा इंजिने हवीत हे मान्य. ती पुढे का लावीत नाहीत? याचे उत्तर डब्यांमधल्या कपलिंगांत आहे. सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या कपलिंगला संपूर्ण 3,05,000 न्यूटनांचा ताण सोसावा लागेल, कारण मागचे सगळे 20 डबे त्या एका दुव्याला लटकलेले असतील. आता मागून इंजिने 2,00,000 न्यूटनांचा रेटा देत असतील तर पहिल्या कपलिंगला उरले फक्त 1,05,000. शिवाय दुवा तुटला तरी मागच्या डब्यांना उतारावर घसरू न देण्यासाठी खाली इंजिने उभी आहेतच.

यातून एक गंमत निघते. प्रत्येक डब्याला चढण्यासाठी 15,250 न्यूटन लागतात. पुढच्या इंजिनाचे 1,05,000 न्यूटन जवळजवळ सात डब्यांना पुरतात. म्हणजे पहिले सात डबे ओढले जात आहेत आणि उरलेले तेरा ढकलले जात आहेत! सातव्या-आठव्या डब्यांच्या मधली जोडणी जवळजवळ निवांत असणार. तुम्ही बाराव्या डब्यात बसला असाल, तर तुमच्या दृष्टीने पुढच्या इंजिनाचे असणे-नसणे सारखेच. अर्थात हे आपल्या धरलेल्या आकड्यांपुरते. खऱ्या गाडीत ही जागा चालकांच्या हातातल्या बलांप्रमाणे पुढेमागे सरकत असते.

10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी मात्र बँकर न लावता हा घाट चढते. तिच्यात जादू काही नाही. तिच्या मोटरी एका इंजिनात नसून निम्म्या आसांवर वाटलेल्या आहेत. त्यामुळे पकड मिळवायला फक्त इंजिनाचे नव्हे, तर गाडीच्या जवळजवळ निम्म्या भागाचे वजन उपयोगी पडते. वरचे 0.25 चे गणित तिच्यासाठी तुम्हीच करून पाहा.

कर्ता आणि कर्म

तिसऱ्या नियमाकडे वळू. इंजिन डब्याला जेवढ्या बलाने पुढे ओढते तेवढ्याच बलाने डबा इंजिनाला मागे ओढतो. मग दोन्ही बले एकमेकांना खोडून टाकतात आणि गाडी हलूच नये, असा युक्तिवाद दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी करतो. (मठ्ठ विद्यार्थी करीत नाही, त्याने नियम पाठ केलेला असतो.) उत्तर त्या दोन शब्दांतच आहे. एक बल डब्यावर आहे, दुसरे इंजिनावर. एकाच वस्तूवरची बले एकमेकांना खोडू शकतात. दोन निरनिराळ्या वस्तूंवरची नाही. माझ्या खिशातला खर्च तुमच्या खिशातल्या जमेने कसा फिटेल?

क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ओळखायला मराठी व्याकरण वापरा. ‘इंजिन डब्याला ओढते.’ कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा: ‘डबा इंजिनाला ओढतो.’ झाली जोडी. ‘पृथ्वी डब्याला ओढते.’ अदलाबदल: ‘डबा पृथ्वीला ओढतो.’ झाली जोडी. आता पुष्कळ वह्यांत आढळणारी एक चूक पाहा: डब्याचे वजन ही क्रिया आणि रुळाचा वरचा रेटा ही तिची प्रतिक्रिया. अदलाबदल करून पाहिलीत तर जमत नाही, कारण एकात पृथ्वी आहे, दुसऱ्यात रूळ. आणि दोन्ही बले डब्यावरच आहेत. सपाट रुळावर ती समान असतात, पण तो पहिल्या नियमाचा प्रताप. घाटात तर ती समानही नसतात: रुळाला काटकोनात असणारा रेटा वजनापेक्षा किंचित कमी असतो. तिसऱ्या नियमाच्या जोडीला मात्र ‘किंचित कमी’ ठाऊक नाही. चढ असो, उतार असो, गाडी उभी असो की धावत असो, ती तंतोतंत समान असते.

उतारावर

पुण्याहून मुंबईकडे जाताना प्रश्न उलटा होतो. आता पृथ्वीची दर टनाची 265 न्यूटनांची ओढ पुढच्या दिशेने आहे आणि विरोध फक्त 40 चा. ब्रेक लावलेच नाहीत तर शिल्लक 225 न्यूटन आणि त्वरण सेकंदास सेकंदास 0.225 मीटर. आकडा किरकोळ दिसतो. पण उभ्या गाडीचा वेग एका मिनिटात ताशी 48 किलोमीटरांवर आणि दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी 97 वर जाईल. वाढत्या वेगाबरोबर हवेचा अडथळा वाढतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल. पण घाटातल्या वळणांना ‘थोडा कमी’ पुरत नाही. लक्षात घ्या, या त्वरणात गाडीचे वस्तुमान आलेच नाही. दोन डब्यांची गाडी असो की वीस, ती सारखीच सुटेल. मात्र ती आवरायला लागणारे ब्रेकचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते.

म्हणूनच उतारावरच्या गाडीला वाटेत थांबवून तिचे ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री करून घेतात. आणि एवढ्यावरही भिस्त ठेवलेली नाही. ठराविक ठिकाणी मुख्य मार्गातून एक आडवाट फुटते, ती चढावर जाऊन संपते. तिला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी त्या वाटेकडे वळवून ठेवलेला असतो. गाडी नीट थांबली तरच तो मुख्य मार्गाकडे वळवतात. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि जी पृथ्वी तिला पळवीत होती तीच तिला थांबवते. समजा, चढ 20 ला 1 आहे आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने शिरली. मंदन 0.49 अधिक 0.04, म्हणजे 0.53. वेग सेकंदाला 16.7 मीटर. वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागले की अंतर सुमारे 262 मीटर येते. यात गाडीची लांबी धरलेली नाही. शेपटीचे डबे अजून उतारावरच असताना काय होईल, याचा विचार शिक्षकांबरोबर बसून करा.

शेवटी एक प्रयोग. पुढच्या खेपेला घाटातून येताना 74 सेंटिमीटर लांबीचा दोरा आणि एक जड नट बरोबर ठेवा. दोरा वरच्या बाकाच्या कडेला बांधा. कर्जतला गाडी उभी असताना नटाच्या खाली कागदावर खूण करा. घाटात, सर्वांत तीव्र चढावर वेग कायम असताना पाहाल तर नट खुणेच्या मागे, शेपटीच्या बाजूला, 2 सेंटिमीटर गेलेला दिसेल. 74 ला 2 म्हणजे 37 ला 1; घाटाचा चढ तुम्ही डब्यात बसून मोजलात! नट हलत राहील, म्हणून पाचसहा वेळा मोजून सरासरी घ्या. वळणावर तो आडवाही कलेल, तिकडे दुर्लक्ष करा.

त्या मुलीने हा प्रयोग केला आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहून नवा प्रश्न विचारला: “सर, गाडी उतारावर ब्रेक नसताना सुटली, तर नट किती सरकेल?” या वेळी मी घाईने बोललो नाही. आम्ही दोघांनी मिळून फळ्यावर मांडले. डबा 0.225 ने त्वरित होतो आहे. विरोध नसता तर 0.265 ने झाला असता. फरक 0.04. त्याला 9.8 ने भागून 74 ने गुणले की उत्तर येते 0.3 सेंटिमीटर. म्हणजे सुटलेल्या गाडीत नट जवळजवळ कर्जतच्या खुणेवरच उभा राहील. स्टेशनात गाडी स्वस्थ उभी असावी तसा.